मिस्त्री, ती टाकी तुम्ही उघडलीच नव्हती

सुदाम मिस्त्री,

तुमच्याविषयी लिहायला बसलो आहे, याबद्दल आधी माफी मागतो. तुमच्यामागे घरी मावशी आहेत, भंडाऱ्याला दिलेली तुमची लेक आहे, वस्तीत तुमच्याबरोबर गोट्या खेळलेली माणसं आहेत. त्यांचा हक्क माझ्याआधीचा. मी तुमच्या वर्कशॉपमागच्या खोलीत दोन वर्षं राहिलेला भाडेकरू. तुम्हाला खांदा द्यायलाही मी नव्हतो; का नव्हतो ते पुढे सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे असा लेख कसा लिहितात हे विचारायलाही कोणी नाही. आणि तुमच्यासाठी याआधी मी एकदाच कागद लिहिला होता. त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहितो. आमच्या कॉलेजच्या अंकात छापतील तर छापतील.

परवा विहारात तुमच्यासाठी लोक जमले होते. एक गृहस्थ बोलायला उठले आणि म्हणाले, "सुदाम मिस्त्री म्हणजे शांत माणूस. कधी कोणाला उलटून बोलले नाहीत." मला तिथंच उठून ओरडावंसं वाटलं. तुम्ही शांत? नळाला पाणी उशिरा आलं तर नळाशी भांडणारे तुम्ही! गिऱ्हाइकानं स्वतः उघडून बिघडवलेलं इंजिन आणलं की आधी पाच मिनिटं त्याची हजेरी घ्यायचात, मग हात लावायचात. "हे तू केलं? हातानं केलं का पायानं?" गिऱ्हाईक हसायचं, तुम्ही हसायचा नाहीत. त्या गृहस्थांनी तुमचा राग काढून घेतला आणि मग फोटोला हार घातला. मी उठलो नाही. मागे चपलांजवळ बसून राहिलो.

म्हणून इथे तुमचा राग तुम्हाला परत देतो. त्यात माझाही थोडा आहे.

मी पारशिवनीकडच्या खेड्यातून एक पेटी आणि एक गादी घेऊन आलो, त्या दिवशी तुम्ही मोटरसायकलखाली आडवे होतात. खालूनच विचारलंत, "काय शिकून राहिला?"

"बी.एस्सी."

"म्हणजे मंग काय होते?"

"अजून माहीत नाही, मिस्त्री."

"बरं हाय. खोलल्याशिवाय मले बी माहीत नसते." मग बाहेर येऊन माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलंत आणि मावशींना हाक दिलीत, "आलं वं आपलं बालिष्टर!" तेव्हापासून मी बालिष्टर. माझं खरं नाव तुम्ही एकदाच घेतलंत, भाड्याच्या चिठ्ठीवर लिहिताना, आणि तेही चुकवलंत.

ज्यांनी तुमचं काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी ते लिहून ठेवतो. कारण आता ते नागपुरात कोण करेल ते मला माहीत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी ती हलकी मोटरसायकल निघाली, पांढऱ्या प्लास्टिकच्या टाकीची. गंजत नाही, पोचे पडत नाहीत, म्हणून शिक्षक, कंपाउंडर, ग्रामसेवक अशा खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या लोकांनी ती घेतली. टाकीच्या तळाशी पेट्रोलचा कॉक दोन बोल्टांनी बसवलेला असतो. पण प्लास्टिकमध्ये आटे टिकत नाहीत, म्हणून कारखान्यात प्लास्टिकच्या आत दोन छोटे पितळी नट गाडून ठेवतात आणि बोल्ट त्यांत बसतो. आपली माणसं लोखंडी टाकीवर वाढलेली. कॉकपाशी थेंब दिसला की पाना घेऊन अर्धा फेरा आवळायचा, ही आपली सवय. लोखंडाला ते चालतं. इथे प्रत्येक आवळण्याबरोबर आतला नट प्लास्टिकमधून सुटत जातो, आणि एक दिवस बोल्टाबरोबर नटही फिरायला लागतो. मग ना घट्ट होत, ना उघडत. थेंबाची धार होते. खाली तापलेलं इंजिन.

एजन्सीचं उत्तर एकच असे: टाकी बदला. नवी टाकी कंपनीकडून यायला तीन-चार महिने.

तुमचं उत्तर वेगळं होतं. टाकी रिकामी करून साबणाच्या पाण्यानं धुवायची आणि दोन दिवस उन्हात तोंड उघडं ठेवून पालथी घालायची. कितीही घाई असली तरी दोन दिवस. "पेट्रोल गेलं म्हणजे पेट्रोलचा वास नाही जात," तुम्ही म्हणायचात, "अन् आग लागते ते वासालेच." मग सुटलेल्या नटात बोल्ट थोडा अडकवून, रेडिओवाल्याकडे असते तशा डाग द्यायच्या विजेच्या कांडीनं बोल्ट तापवायचा, आणि पितळ गरम झालं की नट सरळ वर ओढून काढायचा. त्याच्या जागी तुम्ही स्वतः लेथवर केलेला, किंचित जाड नट. कारखान्याचा नट बाहेरून गुळगुळीत असे. तुमच्या नटाला बाहेरून कानशीनं आडव्या-उभ्या खाचा. तो तापवून प्लास्टिकमध्ये बसवला की वितळलेलं प्लास्टिक त्या खाचांत शिरायचं आणि थिजायचं. बसवताना तुम्ही शेजारी गुण्या धरायचात, नट केसभरही तिरपा नको म्हणून, आणि तेवढा वेळ श्वास घ्यायचा नाहीत. मी मोजलं होतं एकदा. नंतर दिवसभर त्याला हात लावायचा नाही. शेवटी टाकीत रॉकेल भरून ती वर्तमानपत्रावर ठेवायची. कागदावर डाग दिसला नाही तरच टाकी जाणार.

आणि तो पाना! तुम्ही चांगल्या पान्याची दांडी अर्धी कापून टाकली होती. दांडी आखूड, म्हणजे जोर लावायचा म्हटलं तरी लागत नाही. टाकी न्यायला आलेल्या माणसाच्या हातात तो देऊन म्हणायचात, "आवळ तूच. दोन बोटानं. आता सोड. सोड म्हनलं न!" माणूस सोडायचा नाही, कारण घट्ट वाटायचं नाही. मग तुम्ही त्याच्या हातावर चापट मारायचात. गावच्या सरपंचालाही मारली होतीत.

आपलं पहिलं भांडण यावरूनच झालं. मी लायब्ररीतल्या पुस्तकात दोन नळ्यांच्या चिकट मसाल्याविषयी वाचलं होतं. एकत्र केला की दगडासारखा होतो. मी तुम्हाला ऐकवलं, "मिस्त्री, एवढी खटपट काहून करता? हा मसाला भरा, नट बसवा, झालं." तुम्ही म्हणालात, "हे प्लास्टिक तेलकट असते गा, याले काही चिकटत नाही." मी पुस्तक आणून दाखवलं. तुम्ही फुटक्या टाकीचा तुकडा आणून दिलात. मी मसाला लावला, दुसऱ्या दिवशी तो खरंच दगडासारखा झाला होता. तुम्ही नखानं त्याची कड उचललीत आणि तो अख्खा, दुधावरच्या सायीसारखा, निघून आला. "घ्या बालिष्टर, तुमचा दगड."

मला राग आला, कारण का निघाला ते पुस्तकात नव्हतं. मी म्हणालो, शोधून सांगतो. केमिस्ट्रीच्या सरांना विचारायला मी दोनदा स्टाफरूमच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. तुम्ही अधूनमधून विचारायचात, "समजलं का गा, काहून चिकटत नाही?" ते अजून मला समजलेलं नाही, मिस्त्री. मी विचारलंच नाही.

आता त्या कागदाचं लिहितो.

सीताबर्डीतल्या त्या एजन्सीनं दीड वर्ष आपल्या टाक्या तुमच्याकडे पाठवल्या. फिटर बंडूभाऊ सायकलवर बांधून मागच्या गल्लीनं आणायचा आणि मागच्या गल्लीनंच न्यायचा. गिऱ्हाइकाला सांगायचे की कंपनीच्या माणसानं केलं. तुमची त्याला हरकत नव्हती. माझी होती. "नाव तरी तुमचं सांगायला पाहिजे," मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "नट माहा हाय ना आत? मंग!"

मग रामटेकच्या गुरुजींची टाकी गळली. शाळेतून घरी जाताना पेट्रोल इंजिनावर झिरपलं, भडका उडाला. लोकांनी माती टाकून विझवलं, पण गुरुजींची पोटरी भाजली. गुरुजी एजन्सीत भांडायला गेले. तेव्हा मॅनेजरनं त्यांना आणि तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगितलं की गुरुजींनी टाकी इंदोऱ्यातल्या त्या मिस्त्रीकडून डागून घेतली असणार. आठवड्याच्या आत भिंतीवर पाटी लागली: इंदोऱ्यातील सुदाम मिस्त्रीकडून टाकी दुरुस्त करून घेतल्यास होणाऱ्या अपघातास एजन्सी जबाबदार नाही. तुमचं नाव अखेर त्यांनी लिहिलं, ते असं.

तुम्ही ती टाकी पाहिलेलीही नव्हती. गुरुजींना तुम्ही ओळखत नव्हतात. मॅनेजरला हे माहीत होतं, कारण त्याच्याकडून कोणती टाकी तुमच्याकडे गेली हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

त्या महिन्यात तुमच्याकडची गिऱ्हाइकं निम्मी झाली. चौकातला पानवाला तुम्हाला तोंडावर म्हणाला, "मिस्त्री, गुरुजीले जाळलं म्हनते तुमी?" तुम्ही त्याला शिवी दिलीत, पण त्या दिवशी पान खाल्लं नाहीत.

मग तुम्ही मला बोलावलंत. "बालिष्टर, एक कागद लिहून दे एजन्सीले. जे झालं तेवढंच लिही. टाकी मी उघडली नाही. पाटी काढा. बस."

मला केवढा अभिमान वाटला! माझं शिक्षण पहिल्यांदाच कोणाच्या उपयोगी पडणार होतं. मी तीन वेळा कच्चं लिहिलं. चौथ्यांदा रेघा मारलेल्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. जे झालं ते लिहिलं. आणि शेवटी, सातवीत आमच्या मास्तरांनी मोठ्या माणसांना पत्र लिहायला शिकवलं होतं तसं, माझ्या हातानं आपोआप लिहिलं: "आमच्या हातून काही चूक झाली असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी, ही नम्र विनंती." तुम्हाला पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती ओळ मी वाचली नाही. लपवायचं म्हणून नाही हो. ती कोणी वाचत नाही म्हणून. तारीख वाचत नाहीत तशी. तुम्ही खाली सही केलीत, सुदामचा 'सु' मोठा काढून.

मॅनेजरनं त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि पत्र काउंटरच्या काचेखाली ठेवलं. जो येईल त्याला बोट ठेवून दाखवायचा, "पाहा, स्वतःच लिहून दिलंय. आता अजून काय पाहिजे? त्या वस्तीतल्या लोकांच्या हातचं काम म्हणजे असंच."

तुम्ही स्वतः जाऊन पाहून आलात. मी दारातच बसलो होतो. तुम्ही सायकल भिंतीला लावली, हात धुतले, पुसले. मला वाटलं माझी हजेरी घ्याल, आणि घ्यावी असंच मला वाटत होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "क्षमा काहून मागतली गा?"

"मिस्त्री, तशी पद्धत असते."

"कोनाची?"

 अजूनही फक्त एवढंच कळतं की आमच्या घरात आणि तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साहेबासमोर उभं राहिलं की बोलण्याच्या आधी माफी निघत आली आहे. तुमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि ती सवय मोडली. हे तुम्हीच मला सांगितलं होतं, अगदी छाती काढून. आणि मी शिकलेल्या अक्षरात ती तुमच्या सहीच्या वर परत आणून ठेवली.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट समोर येते, जी आपण दोघं कधी बोललो नाही. माझे बाबा मला खोलीवर सोडायला आले होते तो दिवस. जूनचं ऊन, स्टँडपासून पायी आलेलो. मावशींनी तांब्याभर पाणी आणलं. बाबा म्हणाले, "तहान नाही." तुम्ही तांब्याकडे पाहिलंत, बाबांकडे पाहिलंत आणि म्हणालात, "असू द्या भाऊ. ऊन उतरलं का लागन तहान." मी पाणी प्यायलो, पण बाबांना काही बोललो नाही. परत जाताना कामठी रोडवरच्या पाणपोईवर बाबा तीन पेले पाणी प्यायले. मी शेजारी उभा होतो. त्याबद्दल तुमची आणि मावशींची माफी मागायला हवी होती, ती दोन वर्षांत मागितली नाही. जिथं मागायची नव्हती तिथं सुवाच्य अक्षरात लिहून दिली.

पण माझा तुमच्यावरही राग आहे. तो आता कोणाकडे नेऊ?

पाटी लागली, पत्र काचेखाली गेलं, आणि त्यानंतरच्या आठवड्यात बंडूभाऊ मागच्या गल्लीनं दोन टाक्या घेऊन आला. मला वाटलं तुम्ही त्याला टाक्यांसकट हाकलाल. तुम्ही टाकी उचललीत, कॉकपाशी बोट फिरवून वास घेतलात आणि म्हणालात, "ठेव तिकडं उन्हात."

मी सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडलो. "तुम्हाला काही लाज आहे की नाही, मिस्त्री? समोर तुमच्या नावाची पाटी आणि मागून तुमच्याकडेच काम? नाही म्हणा! एकदा नाही म्हणून पाहा, पाटी आपोआप खाली येते."

"अन् ही टाकी?"

"जाऊ द्या ना टाकी!"

"टाकी कोनाच्या मांडीखाली जाते, माहीत हाय का तुले? मॅनेजरच्या नाही जात. असाच कोनी मास्तर असन. मी नाही म्हनलं का बंडू घरी नेऊन पान्याले पाइप लावून याले आवळते. मंग जळन तो."

"मग जळू द्या! एकदा एजन्सीला कळू द्या!"

हे मी बोललो. मावशी भांडी घासत होत्या, त्यांचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं गिऱ्हाइकानं बिघडवून आणलेल्या इंजिनाकडे पाहायचात. म्हणालात, "शिक तू. अजून शिक." आणि डावा हात चोळत लेथकडे गेलात. मला वाटलं काम करून हात अवघडला असेल.

चार दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. सकाळी तुमचा चहा पुढे यायचा, तो मी न पिता कॉलेजला जायचो. तुमचं चुकलं असं मला तेव्हा वाटत होतं. आज विचाराल तर, मिस्त्री, खरंच सांगतो, अर्धं अजूनही वाटतं. तुम्ही त्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला वाचवत होतात, हे मला पटतं. पण तुमच्या त्या चांगुलपणावर मॅनेजर आरामात पाय पसरून बसला होता, हेही खोटं नाही. या भांडणाचा निकाल लागायचा होता. तुम्ही तो अर्धा ठेवून गेलात.

पाचव्या दिवशी मी ठरवलं की गुरुजींकडून लिहून आणायचं. तुम्हाला सांगितलं नाही. अबोला होता ना.

रामटेकला त्याआधी मी दोनदा जाऊन आलो होतो, तेही तुम्हाला माहीत नसेल. पहिल्यांदा गुरुजींनी दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "बाळ, तुझं म्हणणं खरं आहे. माझी टाकी एजन्सीशिवाय कोणाकडे गेलेली नाही. फुकटच्या सर्व्हिसिंगला तिथल्या फिटरनं पान्याला पाइप लावून माझ्यादेखत आवळली होती. पण मी तसं लिहून दिलं तर नवी टाकी मिळेल का मला? गाडी तीन महिने पडवीत उभी आहे."

तिसऱ्यांदा गेलो तर गुरुजी ट्रेनिंगला गेलेले. दोन दिवसांनी येणार होते. मी परत फिरलो नाही. गडाखालच्या एका धर्मशाळेत पथारी टाकली आणि थांबलो. परत आलो असतो तर...

पण नाही, ते राहू द्या.

गुरुजी आले. पायाची पट्टी निघाली होती, चामडी अजून गुलाबी. मी म्हटलं, लिहून देऊ नका, फक्त टाकी उघडून पाहू द्या. तुमच्याकडे पाहून पाहून तेवढं मला येत होतं. कॉक काढला. सुटलेला नट बोल्टाबरोबर तसाच हातात आला. गुळगुळीत होता, मिस्त्री. एक खाच नव्हती. कारखान्यातून आला तसा. मी खिशातून बरोबर नेलेला तुमचा एक नट काढून गुरुजींच्या तळहातावर शेजारी ठेवला. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही नट बोटानं फिरवून पाहिले. तरी त्यांच्या तोंडून नवी टाकीच निघाली. "पण वारंटीचं काय..."

तेवढ्यात गुरुजींच्या सौभाग्यवती आतून बाहेर आल्या. "पाय तुमचा जळला अन् तुमाले टाकीची पडली हाय! त्या मानसाचं नाव जाऊन राहिलं तिकडं. वर्गात पोराईले काय शिकवता मंग?"

गुरुजींनी दौत घेतली. अक्षर असं, की पाटीवर गिरवायला द्यावं. "ही टाकी मी एजन्सीशिवाय कोणाकडेही, कधीही दिली नव्हती. सुदाम मिस्त्री यांनी तिला हात लावलेला नाही." एजन्सीच्या फिटरनं पाइप लावल्याचंही लिहिलं. मग सवयीनं त्यांची लेखणी खाली सरकली आणि "कळावे" असं उमटलं. मी जवळजवळ त्यांचा हात धरला. "गुरुजी, खाली काही लिहू नका. फक्त सही करा." पंचवीस वर्षं पत्रलेखन शिकवलेला माणूस. त्यांना ते फार जड गेलं. पण "कळावे" खोडून त्यांनी सही केली.

बसमध्ये मी तो कागद शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि वर हात. मनातल्या मनात तुम्हाला वाचून दाखवत होतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तारखेसकट, एक अक्षरही न गाळता. तुम्ही काय म्हणाल तेही ठरवून टाकलं होतं: "अक्षर बरं हाय. तुह्यापेक्षा बरं हाय." मग मी चहा मागणार होतो. मागच्या चार दिवसांचाही.

इंदोऱ्याच्या चौकात उतरलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. वर्कशॉपचं दार बंद होतं. त्या वेळी ते कधीच बंद नसे. दारासमोर सायकल उभी होती, तिच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेल्या दोन पांढऱ्या टाक्या. शेजारी बंडूभाऊ उभा होता. तो कधी मागची गल्ली सोडून असा समोर आलेला मी पाहिला नव्हता.

मला एवढा जोर चढला होता, की मी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. "काय बंडूभाऊ, आज पुढच्या दारानं?"

"मॅनेजरसायबानं पाठवल्या टाक्या," तो म्हणाला. "परवाच्या आत पायजेत म्हने."

"आता तुमच्या सायबाले सांगा, पुढच्याच दारानं या. हे पाहा!" मी कागद काढून त्याच्यापुढे उलगडला. "गुरुजींनी लिहून दिलं. पाइप कोणी लावला तेही आहे यात. पाटी काढावी लागते आता. मिस्त्री आत आहेत का?"

त्यानं कागद घेतला नाही. सायकलच्या हँडलवर ठेवलेले त्याचे दोन्ही हात तसेच राहिले.

"मले बी आत्ता इथं आल्यावर समजलं गा, शेजारच्या टेलरनं सांगितलं," बंडूभाऊ म्हणाला. "काल सकायी छातीत दुखलं. दवाखान्यात नेस्तोवर मिस्त्री गेले."